भाचीच्या रिसेप्शनला काय वाजवायचं? सोलापूरच्या एका साऊंडवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. भाचीचं लग्न मे महिन्यात. अक्षता दुपारी कार्यालयात, रिसेप्शन संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या एका लॉनवर. सात-आठशे माणूस. मुलाकडची मंडळी कलबुर्गीची, घरात कन्नड. मुलीचे वडील सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू वस्तीत, वाढलेले, त्यामुळे त्यांचा निम्मा गोतावळा तेलुगू. आजोबांना सनई पाहिजे, पोरांना डीजे पाहिजे, आणि एका काकांनी परस्पर ऑर्केस्ट्रावाल्याला शब्द देऊन ठेवलाय. हे सगळं खातं मामांच्या गळ्यात पडलंय. त्यांनी साठ गाण्यांची यादी पाठवून विचारलंय की यातली कुठली ठेवू आणि कुठली काढू.

मामा, यादी चांगली आहे, पण ती जरा बाजूला ठेवा. साडेसात ते दहा म्हणजे १५० मिनिटं. त्यातून नवरा-नवरीची एन्ट्री, मान्यवरांचे सत्कार, 'एमएच १३ अमुक अमुक गाडी गेटसमोरून काढावी' हे सगळं वजा केलं की गाण्यांना १२५ मिनिटं उरतात. साडेचार मिनिटांचं गाणं धरलं तर २८ गाणी झाली. त्यातही पहिला तासभर मी तुम्हाला गाणीच लावू देणार नाही, त्यामुळे साठातली पंधरा-वीस लागली तरी खूप. रिसेप्शन बसतं किंवा बिघडतं ते गाणं किती मोठ्यानं, किती वाजता आणि कोणाच्या कानाशी वाजतंय यावर. म्हणून आधी आवाजाचं बघू, गाण्यांकडे नंतर येऊ.

रिसेप्शनला आलेला माणूस करतो काय? रांगेत उभा राहतो, स्टेजवर जातो, पाकीट देतो, फोटोत उभा राहतो, जेवतो. आणि या सगळ्याच्या मधे त्याला लांबचे पाहुणे भेटतात, जुने शेजारी भेटतात, एखाद्या पोराच्या स्थळाची चौकशी होते. म्हणजे तो बोलायला आलेला असतो. हातभर अंतरावरून माणूस साधं बोलतो तेव्हा आवाज साधारण ६० डेसिबल असतो. संगीत त्याच्या वर गेलं की माणसं आवाज चढवतात. शेजारच्या टेबलावरचे त्यांच्या वर चढवतात. मग ऑपरेटरला वाटतं गाणं ऐकू येईना, तो मिक्सरवरची आवाजाची पट्टी, म्हणजे फेडर, अजून वर सारतो. नऊ वाजेपर्यंत सगळं लॉन ओरडत असतं आणि ही सुरुवात कोणी केली ते कोणालाच सांगता येत नाही.

माझी तपासणी साधी आहे. पाहुणे यायच्या आधी गाणं चालू ठेवून मधल्या टेबलाशी दोघांनी बसायचं आणि नेहमीच्या आवाजात बोलायचं. समोरच्याचं ऐकायला पुढे वाकावं लागलं तर आवाज जास्त आहे. मोबाईलवरचं डेसिबलचं ॲप अंदाजापुरतं ठीक, पण या वाकण्यावर माझा जास्त विश्वास आहे. जेवणाच्या वेळी हीच परीक्षा परत घ्या, कारण तोवर ऑपरेटरने हमखास चढवलेला असतो.

आता स्पीकर कुठे ठेवायचे ते. आपल्याकडे पद्धत अशी की स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला स्पीकरचे दोन मोठे थर लावायचे, आणि त्याच्याच पुढ्यात पहिल्या रांगेत मानाचे सोफे. सोफ्यावर कोण? आजी, आजोबा, व्याही, कोणाचे तरी गुरुजी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. सोफा थरापासून १० फुटांवर असेल आणि तिथे ९० डेसिबल पडत असतील, तर २० फुटांवर ८४, ४० फुटांवर ७८ आणि ८० फुटांवर ७२. मागच्या टेबलावर नीट ऐकू यावं म्हणून आपण आजीच्या कानाशी कारखाना लावतो. याला उपाय एकच: मोठे दोन थर जेवणाच्या वेळी बंद, आणि लॉनच्या कडेने चार किंवा सहा लहान टॉप (बेस सोडून बाकी आवाजाचे स्पीकर) उंच स्टॅण्डवर, प्रत्येकाचा आवाज बेताचा. बेस फक्त नाचायच्या जागेशी. ऑपरेटर कुरकुर करेल, वायर जास्त ओढाव्या लागतात म्हणून. ओढू द्या.

आणि त्याला आठवणीने सांगा, मिक्सरवर मोनो कर, म्हणजे सगळ्या स्पीकरमधून सारखाच आवाज. जुन्या स्टिरिओ गाण्यांत बऱ्याचदा तबला एका बाजूला आणि व्हायोलिन दुसऱ्या बाजूला असं रेकॉर्डिंग आहे. हेडफोनवर ते छान वाटतं. लॉनवर मात्र डावीकडच्या टेबलांना ठेकाच जास्त ऐकू येतो आणि उजवीकडच्यांना व्हायोलिनच.

कायद्याचंही इथेच सांगून टाकतो, कारण वेळेचं सगळं गणित त्यावर आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता टापू. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते तेही वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवतं, आपलं लग्न त्यात येत नाही. जुळे सोलापूर म्हणजे चारी बाजूंनी घरं. पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढा आणि दहाला आवाज बंद हे कार्यक्रम ठरवतानाच धरून चाला. गाण्यांच्या लायसन्सबद्दल कोणी घाबरवलं तर कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५२ दाखवा. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना त्यात सूट दिलेली आहे. तरी लॉनवाल्याचा करारनामा एकदा वाचून घ्या, काही जण त्यात वेगळी अट घालतात.

आता संगीत. पहिला तास फक्त वाद्यं, आणि यात आजोबांचं ऐका. सनईवाले मिळाले तर गेटपाशी बसवा, स्टेजजवळ नको. सनई मुळातच खणखणीत, तिला माईक लागत नाही. गेटवर असली की येणाऱ्याचं स्वागत होतं आणि आत जाईपर्यंत ती पातळ होते. त्यांना बसायला उंच चौथरा आणि एक पंखा द्या. अर्धा तास वाजवलं की पंधरा मिनिटं दम खाऊ द्या. आणि वाजंत्र्यांना पहिल्या फेरीत जेवू घाला. उपाशी माणसाच्या फुंकीत सूर टिकत नाही.

सनईवरून आठवलं. आपल्या सोलापूर-अक्कलकोट भागाचं स्वतःचं एक वाद्य आहे, सुंद्री. सनईची धाकटी बहीणच ती. आकाराने बरीच लहान, आवाज बारीक आणि गोड. इथल्या जाधव घराण्याने ती जपली. सिद्राम जाधव, भीमण्णा जाधव ही नावं जाणत्या कानांना माहीत आहेत. पुण्या-मुंबईचे पाहुणे सुंद्री ऐकून 'हे काय वाजतंय' म्हणून विचारायला येतात. रेकॉर्डिंग मिळालं तरी लावा. सोलापुरात लग्न आहे तर सोलापूरचं काहीतरी कानावर पडू द्या की.

वाद्यांचा आग्रह धरतोय त्याला दुसरंही कारण आहे. तुमच्या लॉनवर तीन भाषा बसणार आहेत. शब्द आले की भाषा आली, आणि भाषा आली की 'त्यांची दोन वाजली, आमचं एकही नाही' हे आलं. सुरांचं तसं नाही. आपला यमन दक्षिणेत कल्याणी म्हणून गातात, भूप तिकडे मोहनम् होतो. हंसध्वनी तर दक्षिणेकडूनच आपल्याकडे आला, आणि 'वातापि गणपतिम्'मुळे कन्नड-तेलुगू घरात तो लहानपणापासून कानावरचा. शिवाय तो गणपतीचा, म्हणजे आजोबाही खूश. या तीन रागांवर पहिला तास निघतो. बिस्मिल्लाखांची सनई, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, शिवकुमार शर्मांचं संतूर हे आपल्या बाजूचं. त्यांच्या बाजूचं म्हणून कद्री गोपालनाथ यांचा सॅक्सोफोन आणि यू. श्रीनिवास यांचं मॅन्डोलिन. कलबुर्गीचे काका मॅन्डोलिन ऐकून ऑपरेटरच्या टेबलाशी आले नाहीत तर मला सांगा.

फक्त एक करा. शास्त्रीय रेकॉर्ड सुरुवातीपासून लावू नका. पहिली दहा मिनिटं आलाप असतो, तो सात-आठशे माणसांच्या गलक्यात कोणाला ऐकूच येत नाही, लोकांना वाटतं साऊंड बंद पडला. आणि शेवटचा जलद भाग, ज्याला 'झाला' म्हणतात, तो इतका जोरात येतो की वाढप्याच्या हातातला चमचा थांबतो. मधल्या लयीचा तुकडा आणि धुना तेवढ्या घ्या.

शब्दच हवे असतील तर या तासात एकच माणूस चालेल, भीमसेन जोशी. जन्म गदगचा, कर्मभूमी पुणे. त्यांनी मराठीत संतवाणी गायली तशीच कन्नडमध्ये दासवाणी गायली, आणि कन्नड संत पुरंदरदासांच्या पदातही शेवटी विठ्ठलच येतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. एक अभंग, एक दासपद, असं लागोपाठ लावलं की दोन्ही व्याह्यांच्या माना एकाच वेळी डोलतात. मुलाकडचं घर लिंगायत असेल तर मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेलं एखादं वचन (शिवशरणांचं कन्नड पद) जरूर घ्या, त्यांना आपण मान ठेवल्यासारखं वाटेल. हे सगळं साडेआठच्या आत. समोर ताट आल्यावर अभंग नको, माणूस धड जेवतही नाही आणि धड ऐकतही नाही.

'वाद्यसंगीत' या नावाने बाजारात जे मिळतं त्याबद्दल मात्र सावध करतो. सॅक्सोफोनवर, बासरीवर, गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी. चाल गोड म्हणून ऑपरेटर डोळे झाकून फोल्डर लावतो. पण सिनेमातली गोड चाल निम्म्या वेळा विरहाची असते. शब्द नसले तरी ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतात. इकडे नवरी हसून फोटो काढतेय आणि मागे बासरीवर कोणीतरी कोणाला कायमचं सोडून चाललंय, मावश्या एकमेकींकडे बघायला लागतात. प्रत्येक तुकड्याचे शब्द आठवा. आठवत नसतील तर घरातल्या पन्नाशीपुढच्या बाईला ऐकवा, ती दोन ओळींत सांगेल. विदाईची गाणी तर रिसेप्शनला अजिबात नकोत. नवरीची आई आत्ता कुठे दुपारच्या अक्षतेतून सावरलेली असते.

एन्ट्रीचं गाणं भाचीला निवडू द्या, त्यात मामाने पडू नये. तुम्ही फक्त कात्री चालवा. गेटपासून स्टेज ६०-७० फूट, सावकाश चालत, फोटोग्राफरच्या इशाऱ्यावर थांबत आलं तरी दीड-दोन मिनिटांत संपतं. बहुतेक गाण्यांचा सुरुवातीचा तुकडाच अर्ध्या मिनिटाच्या पुढे असतो. त्यामुळे पोरं स्टेजवर चढून उभी राहतात तेव्हा कुठे मुखडा सुरू होतो. गाणं मुखड्याच्या दहा सेकंद आधीपासून कापून वेगळी फाईल करून ठेवा. ती फाईल ऑपरेटरला आदल्या दिवशी द्या, आणि इशारा कोण करणार तेही ठरवा. फोटोग्राफर, निवेदक आणि लाइटवाला तिघे तीन इशारे देतात, हे मी नेहमी बघतो.

जेवणाच्या वेळी, म्हणजे साडेआठ ते सव्वानऊ, तुमची यादी बाहेर काढा. इथे माझं मत स्पष्ट आहे: साठ-सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी ही मराठी, कन्नड, तेलुगू तिघांची सामाईक इस्टेट आहे. निम्मी तीच ठेवा. उरलेल्यात मराठी भावगीतं आणि मुलाकडच्यांनी दिलेली कन्नड गाणी. एकाआड एक भाषा बदलू नका, तो आकाशवाणीचा फर्माईशीचा कार्यक्रम वाटतो. एका भाषेची तीन-तीन गाणी सलग घ्या. जुन्या गाण्याचं रेकॉर्डिंग हळू असतं आणि नव्याचं ठासून भरलेलं. ऑपरेटर चहाला गेला आणि जुन्यानंतर एकदम नवं लागलं तर आमटीची वाटी सांडते. सगळ्या फाइल्स आधी एका पातळीवर आणून घ्या. घरातला कॉम्प्युटर येणारा कुठलाही पोरगा तासाभरात करून देईल.

ऑर्केस्ट्राचं काय? काकांनी शब्द दिलाय म्हणजे टाळता येणार नाही, पण तीन गोष्टी विचारा. ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यांवर, गाणार की वाजवणार? ट्रॅकवर गाणारच असतील तर त्याला ऑर्केस्ट्रा म्हणून पैसे का द्यायचे? वाजवणारे असतील तर किती जण? कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक-तबला, गिटार आणि दोन गळे एवढ्यात लॉन भागतं. आणि कन्नड गाणारं कोणी आहे का? नसेल तर कन्नड गाणी रेकॉर्डवरच राहू द्या, चुकीच्या उच्चारातलं गाणं पाहुण्यांना टोचतं. मे महिन्यात दिवसा पारा चाळिशीच्या पुढे असतो. कोरड्या उन्हात तबल्याची पुडी ताणते आणि सूर चढतो, आणि एखादा वळीव पडून गेला तर तीच ढिली पडते. म्हणून सामान दुपारीच आणून उन्हात मांडू देऊ नका. ॲम्प्लिफायरही तापले की मधेच बंद पडतात. पश्चिमेकडून कनात बांधा, आणि मिक्सरवर टाकायला ताडपत्री जवळ ठेवा.

एक काका, एक आत्या आणि मुलीची मैत्रीण, एवढे तरी माईक मागणारच. नाही म्हणू नका, पण वेळ बांधा: जेवणाची पहिली गर्दी ओसरल्यावर पंधरा मिनिटं, माणशी एक गाणं. आधी त्यांची पट्टी, म्हणजे कुठल्या सुरात गातात ते, विचारून घ्या. काळी एक म्हणाले की पांढरी चार म्हणाले, त्याप्रमाणे ट्रॅकची पट्टी बदलून ठेवता येते. नाहीतर अंतऱ्याला काका वर पोहोचत नाहीत आणि सगळं लॉन त्यांच्यासोबत मान वर करतं.

सव्वानऊ ते पावणेदहा पोरांचं. इथे बेस चालू करा, पण थरांची तोंडं घरांच्या दिशेने नकोत. पाच मिनिटं हळू चढवत न्या, एकदम उसळी नको. डीजेच्या आधी दहा मिनिटं हलगी ठेवा असा माझा सल्ला आहे. दोन हलगीवाले पुरतात, वीज लागत नाही, आणि डीजेवर जे हलत नाहीत ते म्हातारेसुद्धा हलगीवर खांदे उडवतात. 'झिंगाट' वाजणारच. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हापासून त्याच्याशिवाय वरात नाही आणि रिसेप्शन नाही, आणि नागराज मंजुळे आपल्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. फक्त ते शेवटून दुसरं ठेवा. पहिलंच लावलं तर त्याच्यापुढे काहीच चढत नाही. कन्नड आणि तेलुगू नाचाची गाणी मुलाकडच्या पोरांकडून घ्या, पण त्यांच्यातल्याच एखाद्या मोठ्या माणसाला आधी ऐकवा. ऑपरेटरला अर्थ कळत नाही, ठेका कळतो. स्टेजसमोर बसलेल्या सासूबाईंना मात्र अर्थ चांगलाच कळतो.

पावणेदहाला बेस बंद, दहापर्यंत परत सनई. पाहुणे गाडीकडे जातात, घरची मंडळी जेवायला बसतात.

विसार देताना कागदावर एवढं लिहून घ्या: किती टॉप, किती बेस, किती वाजता येणार, ऑपरेटर स्वतः येणार की हाताखालचा पोरगा, जनरेटर कोणाचा, आणि साऊंडची लाइन लाइटिंगपेक्षा वेगळी आहे का. ती एकत्र असली की रात्रभर स्पीकरमधून गुणगुण येते. गाणी मोबाईलवरून लावायची नाहीत. नेट गेलं, जाहिरात आली, कोणाचा फोन आला, तिन्ही होतं. दोन पेनड्राइव्ह करा, दोन्हीत सारखंच, आणि फोल्डरला नावं वेळेची द्या: 'साडेसात', 'साडेआठ', 'एन्ट्री', 'सव्वानऊ'. एक ऑपरेटरकडे, एक तुमच्या खिशात. जॅकेट बदललंत तर तो त्या खिशातून या खिशात घ्यायला विसरू नका.